कोमोतले ‘व्होल्टा मंदिर’ ही समाधी नव्हे

इटलीतल्या कोमो सरोवराकाठच्या घुमटाकार वास्तूचा फोटो सध्या फिरतोय. ‘पहिली बॅटरी बनवणाऱ्या अलेस्सांद्रो व्होल्टाची समाधी, आत त्याची सगळी मूळ उपकरणं’, असं त्याखाली लिहिलंय. दोन्ही दावे चुकीचे आहेत.

व्होल्टा १८२७ साली वारला. ही वास्तू त्याच्या मृत्यूच्या शताब्दीनिमित्त उभारलेलं संग्रहालय आहे, १९२८ मध्ये खुलं झालेलं. त्याची समाधी जवळच्याच काम्नागो इथे आहे.

उपकरणांचं तर फारच वाईट झालं. विद्युतघटाच्या शोधाची शंभरी साजरी करायला १८९९ मध्ये कोमोत प्रदर्शन भरलं, तिथेच आग लागली आणि त्याची कितीतरी उपकरणं जळाली. म्हणून संग्रहालयात वाचलेल्या मूळ वस्तूंसोबत प्रतिकृतीही मांडल्या आहेत. कृपया हा फोटो पुढे पाठवताना मजकूर दुरुस्त करा.