लवकर बरे होऊ नका!

काचबिंदूच्या ऑपरेशननंतर भेटायला आलेला प्रत्येक जण चहा संपवून उठताना म्हणतो, "चला, लवकर बरे व्हा." मी वरवर हसतो आणि मनात म्हणतो, नको रे बाबा! या ऑपरेशनची तऱ्हाच अशी आहे, की जखम झटपट भरून आली तर ऑपरेशन फसलं.

डॉक्टरांनी हे मला आधी नीट समजावलं होतं. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होतं आणि एका बारीक जाळीतून वाहून जातं. माझी ती जाळी म्हणजे तुंबलेली मोरी. पाणी साठतं, दाब वाढतो आणि मागच्या नसेचा जीव जातो. थेंबांनी दाब आटोक्यात येईना, म्हणून वरच्या पापणीआड, डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक छोटीशी झडप करायची आणि पाण्याला नवी वाट काढून द्यायची. याला ट्रॅबेक्युलेक्टमी म्हणतात. केंब्रिजच्या केर्न्स नावाच्या सर्जनने १९६८ साली ही पद्धत मांडली. म्हणजे ती माझ्यापेक्षा वयाने लहान आहे, आणि तब्येतीने बरी.

पण शरीराला हे कुठलं पटायला? त्याच्या लेखी भोक पडलंय, ते बुजवलंच पाहिजे. ते बुजू नये म्हणून ऑपरेशनच्या वेळी तिथे मायटोमायसिन नावाचं औषध लावतात. हे नाव मी रात्री मोबाईलवर शोधलं आणि कळलं, की हे मुळात कॅन्सरवरचं औषध. झालं! झोप उडाली. नव्या पेशी वाढू देत नाही, म्हणून इथे जरासं वापरतात एवढीच गोष्ट. पण रात्री दोन वाजता एवढीच गोष्ट एवढीशी राहत नाही. सौ. जागी झाली आणि म्हणाली, "पट्टी एका डोळ्याला आहे म्हणून दुसरा असा राबवायचा का?"

लहानपणी सायकलवरून आपटलो तरी चार दिवसांत खपली पडायची. आई चारचौघांत सांगायची, "याचं रक्त फार चांगलं." आता तेच चांगलं रक्त मला नडणार, ही धास्ती कुणाला सांगणार?

कारण सांगायला गेलं तर लोकांना काचबिंदू कळतच नाही. त्यांना मोतीबिंदू कळतो. "पिकला होता का?" "लेन्स कुठली टाकली, इंडियन की बाहेरची?" शेजारचे काका तर म्हणाले, "माझं वीस मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी पेपर वाचला." मग माझ्याकडे निरखून बघत, "तुम्हाला आता स्वच्छ दिसत असेल ना?" नाही हो काका. गेलेली नजर या ऑपरेशनने परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून हा खटाटोप. उलट टाक्यांमुळे आणि दाब एकदम उतरल्यामुळे काही आठवडे पूर्वीपेक्षा धूसरच दिसतं. एवढा खर्च करून आधीपेक्षा कमी दिसतंय आणि तरी डॉक्टर "छान, छान" म्हणताहेत, हे ऐकून काकांचा माझ्या डॉक्टरांवरचा विश्वास उडाला.

घरी आल्यावर पहिला हुकूम सुटला: वाकायचं नाही. वजन उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. आणि कुंथायचं नाही. डोळ्यांचे डॉक्टर "पोट साफ होतं ना?" असं विचारतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी इसबगोल लिहून दिला. औषधांच्या दुकानातल्या मुलाने चिठ्ठी वरून खाली, खालून वर वाचली आणि विचारलं, "काका, हे डोळ्यात?"

वाकायची बंदी सगळ्यात महागात पडली ती वाईहून आत्या आली तेव्हा. ऐंशी ओलांडलेली आत्या दारात उभी आणि मी ताठ, नुसते हात जोडून. तिने पाऊल जरा पुढे सरकवलं. मी हललो नाही. तिने दुसरं पाऊलही सरकवलं. शेवटी सौ.ने सांगितलं, की यांना वाकायला मनाई आहे. आत्या म्हणाली, "डोळ्याचं झालंय ना? कंबरेला काय धाड भरली?" मग मी तिला पलंगावर बसवलं, गुडघे दुमडून ताठ मानेने खाली बसलो आणि चाचपडत पाय शिवले. आशीर्वाद मिळाला, पण "लवकर बरा हो" असाच मिळाला.

दिवसाचं वेळापत्रक थेंबांच्या हाती. पांढरी बाटली हलवून, दर दोन तासांनी. ती स्टिरॉइडची, सूज उतरवायला आणि त्या खपलीबहाद्दर रक्ताला आवर घालायला. मग पाच मिनिटं थांबून दुसरी, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. थेंब गालावर पडला तर धरायचा की नाही, यावर आमच्याकडे रोज मतभेद. रात्री डोळ्यावर भोकाभोकांची प्लास्टिकची वाटी चिकटपट्टीने बसवायची. ती पट्टी सकाळी भुवईचे दोनचार केस घेऊनच निघते.

खरा छळ मात्र माझा मीच मांडला होता. उठल्याउठल्या चांगला डोळा हाताने झाकायचा आणि पलंगावरून समोरच्या कॅलेंडरवर संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ वाचायची. काल ९-१७ दिसलं, आज ९-११ दिसतंय, मेलो! प्रत्यक्षात ते ९-४७ निघायचं. मग हे असं का झालं याचा विचार जेवणापर्यंत. चौथ्या वेळेला सौ.ने कॅलेंडर काढून स्वयंपाकघरात नेलं.

तपासणीला जाताना हातपाय गार. पिवळा थेंब घालतात, निळा दिवा डोळ्याला टेकेपर्यंत जवळ आणतात आणि म्हणतात, "श्वास रोखू नका, पापणी आवळू नका, आकडा वाढतो." म्हणजे भ्यायलं की दाब जास्त दिसतो आणि दाब जास्त दिसेल म्हणूनच तर आम्ही भ्यायलेले! १० ते २१ हा सर्वसाधारण पट्टा. माझा एकदा वर सरकला तेव्हा डॉक्टरांनी पापणीवरून बोटाने डोळा दाबला. ज्याला हात लावायची मला सक्त मनाई, तोच! झडप मोकळी झाली. पुढच्या खेपेला लेझरने एक टाका सैल केला आणि आकडा १३ वर आला. डॉक्टर खुशीत म्हणाले, "जखम छान, अजिबात भरत नाहीये." तेरा आकडा अशुभ म्हणणाऱ्यांना त्या दिवशी मी पेढे दिले.

काचबिंदू घराण्यात फिरतो, म्हणून भावाला बळेच तपासायला पाठवलं. "मला सगळं दिसतं" म्हणत गेला आणि थेंबांची बाटली घेऊन आला. आता रोज रात्री नऊला त्याचा फोन. परवा आवाज अगदी हळू करून म्हणाला, "दादा, या थेंबांनी पापण्यांचे केस लांब होतात म्हणे. खरं का रे?"

म्हटलं, "काहींचे होतात."

त्याला तिशीतच टक्कल पडलंय. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग दोन थेंब जरा वर घातले तर?"