सॅलड कोरडे कशासाठी खायचे?

वजन कमी करायचे ठरवले की आपल्याकडे पहिली संक्रांत येते ती ताटातल्या चवीवर. भात बंद, साखर बंद, आणि रात्रीच्या जेवणाला मोठा बाउल भरून काकडी, गाजर, कोबी, लेट्यूस, वर नावापुरते पिळलेले लिंबू. चार दिवस उत्साहात जातात. पुढे माणूस एक तर सॅलडचा नाद सोडतो, नाही तर सुपरमार्केटमधून पांढऱ्याशुभ्र क्रीमी ड्रेसिंगची बाटली आणून ती सढळ हाताने ओतू लागतो आणि 'मी रात्री फक्त सॅलडच खातो' असे सगळ्यांना सांगत राहतो. डाएटवर असताना डोके लावायचेच असेल तर ते ड्रेसिंगमध्ये लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सॅलडची चव आणि सॅलडच्या कॅलरी या दोन्हींचा मुक्काम तिथेच असतो.

हिशेब साधा आहे. शंभर ग्रॅम काकडीत पंधराच्या आसपास कॅलरी असतात, टोमॅटोत वीसच्या जवळपास, कोबीत पंचवीस. म्हणजे पोटभर भाजी चिरली तरी शंभरीच्या आसपासच आपण घुटमळतो. उलट एक टेबलस्पून तेल, मग ते ऑलिव्हचे असो, शेंगदाण्याचे असो की करडईचे, जवळजवळ १२० कॅलरी देते, आणि ऑलिव्ह तेल महाग असल्यामुळे ते हलके असते हा गैरसमज अजूनही ठिकठिकाणी भेटतो. फ्रेंच पद्धतीच्या व्हिनेग्रेटचे पाठ्यपुस्तकी प्रमाण तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर असे आहे. असे चार टेबलस्पून ड्रेसिंग एका बाउलवर ओतले की ३६० कॅलरी तेलाच्याच झाल्या, म्हणजे साधारण तीन मध्यम पोळ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतल्या दोन हजार कॅलरींच्या आदर्श ताटात दिवसभराचे तेल-तूप २७ ग्रॅम धरले आहे. दोन टेबलस्पून. त्यात भाजीची फोडणी, आमटीची फोडणी आणि पोळीचे तेलही आले.

म्हणून 'तेल कमी करा' हा सल्ला बरोबरच आहे, पण तो देणारे पुढचे अर्धे सांगत नाहीत. तीनास एक हे प्रमाण कुणी हौसेखातर ठरवलेले नाही. व्हिनेगर आणि लिंबाचा रस दोन्ही जहाल आंबट असतात आणि त्यांची धार बोथट करायला तेवढे तेल लागते. तेल निम्मे करून व्हिनेगर तेवढेच ठेवले, तर पहिल्याच घासाला डोळे मिटतात आणि डाएटची निंदा सुरू होते. तेल कमी करायचे असेल तर आधी आंबटपणा सौम्य निवडावा लागतो, आणि याबाबतीत आपले स्वयंपाकघर पुरेसे श्रीमंत आहे. दही आहे, ताक आहे, चिंचेचा पातळ कोळ आहे, कोकणात आणि गोव्यात कोकमाचे आगळ आहे (ते खारट असते, त्यामुळे मीठ घालण्यापूर्वी चाखून पाहावे), थंडीच्या दिवसांत संत्र्याचा रस आहे. माझा स्वतःचा कल टोमॅटोकडे आहे. पिकलेला टोमॅटो आडवा कापून किसणीवर किसला की साल हातात राहते आणि ताटलीत गर जमतो. बियांभोवतीचा जो बुळबुळीत भाग अनेक जण काढून टाकतात, त्यातच टोमॅटोच्या चवीचा मोठा वाटा असतो. या गरात मीठ, किसलेले आले, चार थेंब लिंबू आणि चहाचा एक चमचा तेल घातले की दोन माणसांचे ड्रेसिंग तयार होते, आणि सगळे मिळून त्यात साठ-पासष्ट कॅलरींच्या वर काही जात नाही.

दुसरी गोष्ट तिखटाची. इथे मिरीपूड आणि चिली फ्लेक्स यांच्यापुढे बहुतेकांची मजल जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते, कारण फेसलेली मोहरी आपल्या आधीच्या पिढ्यांच्या रोजच्या हातातली होती. विदेशी ड्रेसिंगच्या कृतींत हमखास असणारी 'डिजॉन मस्टर्ड' ही मोहरीचीच लुगदी असते आणि तिची बाटली बरीच महाग पडते. घरी करायचे तर चहाचे दोन चमचे मोहरी खलबत्त्यात भरड कुटावी, चमचाभर थंड पाणी घालून घोटत राहावे, लागेल तसे आणखी थोडे पाणी घालावे. हळूहळू ती फिकट आणि फेसाळ होते, आणि खलबत्त्यावर वाकून पाहणाऱ्याच्या नाकात झिणझिण्या येतात. मोहरीचा अखंड दाणा चावला तर एवढा झणका लागत नाही, कारण तो झणका दाण्यात आयता नसतोच. दाणा फुटून पाण्याशी गाठ पडली की आतले एन्झाइम कामाला लागते आणि मग तो तयार होतो. गरम पाण्याने हे एन्झाइम मरते, आणि लिंबू सुरुवातीलाच पिळले तर त्याचे काम अडते. म्हणून आधी गार पाण्यात फेसायची, पाच-दहा मिनिटे तशीच ठेवायची, आणि मगच दही किंवा लिंबू घालायचे. हा क्रम पाळणाऱ्या बायकांनी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसेल, पण क्रम चुकवलेला मी पाहिलेला नाही.

या फेसलेल्या मोहरीचा आणखी एक उपयोग आहे. तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत. ढवळले की मिसळतात आणि क्षणात वेगळे होतात. मोहरीची पूड त्यांना धरून ठेवायला मदत करते, त्यामुळे थोडेसे तेलसुद्धा सगळ्या पानांवर सारखे पसरते. चमचाभर तेल वर ओतले तर ते दोन पानांवर चिकटते आणि बाकीचे बाउल कोरडे राहते. तेच मोहरीबरोबर घुसळून घातले तर प्रत्येक घासात थोडे थोडे लागते.

मेयोनेजला पर्याय म्हणून टांगलेल्या दह्याइतके दुसरे काही मला पटलेले नाही. मेयोनेजच्या एका टेबलस्पूनमध्ये नव्वद ते शंभर कॅलरी असतात, कारण तो पदार्थ बव्हंशी तेलच असतो. टोन्ड दुधात स्निग्धांश तीन टक्के आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का असतो. असल्या दुधाचे एक वाटी दही स्वच्छ फडक्यात तासभर टांगले की श्रीखंडाच्या चक्क्याइतके घट्ट नाही, पण पानावर ठरेल इतके दाट होते. खाली गळलेले पाणी फेकू नये, कणकेत घालावे. या दह्यात मोहरी, मीठ, चिमूटभर साखर आणि बारीक चिरलेली कोथिंबीर घालावी. कोथिंबीर देठांसकट घ्यावी, कारण देठांनाही चांगला वास असतो. आणि कधीतरी मोहरीऐवजी मेतकूट घालून पाहावे. भाजलेल्या डाळी, मोहरी, हिंग, सुंठ असे सगळे एका चमच्यात येते, दही आपोआप दाट होते आणि वेगळे तेल लागत नाही. मऊभाताबरोबर मेतकूट खाणाऱ्या घरांतसुद्धा ते काकडी-गाजरावर घालण्याचे कुणाला सुचत नाही, हे मला कोडेच वाटते.

आता तेल पूर्णच बंद करणाऱ्यांविषयी. गाजरातले बीटा कॅरोटीन, टोमॅटोतले लायकोपीन, पालेभाज्यांतले ल्युटीन ही सगळी शरीराला उपयोगी, पण स्निग्ध पदार्थांत विरघळणारी रंगद्रव्ये आहेत. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मोजक्या लोकांना पालक, लेट्यूस, टोमॅटो आणि गाजर यांचे सॅलड दिले होते, एकदा अजिबात तेल नसलेल्या ड्रेसिंगबरोबर, एकदा कमी तेलाच्या आणि एकदा पूर्ण तेलाच्या. तेलाशिवाय खाल्लेल्या सॅलडमधून बीटा कॅरोटीन आणि लायकोपीन रक्तात जवळजवळ उतरलेच नाहीत. प्रयोग लहान होता आणि त्यावरून बाटलीभर तेल ओतण्याचा परवाना कुणी घेऊ नये. पण नुसते लिंबू पिळलेले सॅलड हेच रात्रीचे पूर्ण जेवण असेल, तर त्यात चमचाभर तेल, थोडे तीळ किंवा चार अक्रोड असावेत, एवढे त्यातून नक्की समजते. सॅलडबरोबर फोडणीची आमटी आणि पोळी असेल तर ही चिंता करण्याचे कारण नाही, स्निग्धांश ताटात आलेलाच असतो.

आणि तो चमचा कसा घालायचा, हे ज्ञान तर आपल्या घराघरांत आहे. फोडणीच्या छोट्या पळीत चहाचा एक चमचा तेल तापवावे, मोहरी तडतडू द्यावी, जिरे, हिंग, कढीपत्ता, उभी चिरलेली मिरची घालून ती पळी थेट सॅलडवर उलटी करावी आणि ताटात वाढेपर्यंत ढवळू नये. हिंग-जिऱ्याचा वास तेलात उतरतो आणि वरच राहतो, त्यामुळे घास तोंडात जाण्यापूर्वी नाकाला मिळतो. चाळीस कॅलरींत एवढा परिणाम देणारी दुसरी वस्तू मला ठाऊक नाही. मोठ्या कढईत हे साधत नाही, तिथे चमचाभर तेल तळालाच पसरून जळते. काकडीला तूप-जिऱ्याची फोडणी अधिक शोभते, हे उपवास करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. मेथीच्या घोळाण्यावर (कच्च्या मेथीच्या कोशिंबिरीवर) मात्र फोडणी नको. तिथे कच्चे शेंगदाणा तेलच हवे, आणि तेही घाण्याचे असेल तर अर्ध्या चमच्यात काम होते.

एवढे कौतुक केल्यावर आपल्या कोशिंबिरीची एक बाजूही सांगितली पाहिजे. दाण्याचे कूट. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते आणि शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, त्यामुळे 'कोशिंबीरच तर आहे' म्हणून तीन-चार चमचे कूट घातले की ती मेयोनेजच्या पंक्तीला जाऊन बसते. कूट मला प्रिय आहे आणि सोडण्याचा विचार नाही. ते भरड कुटावे, पीठ करू नये, आणि वाढताना वरून एकच चमचा भुरभुरावे. भरड कण दाताखाली येतात आणि कमी असूनही भरपूर असल्यासारखे वाटतात. जवसाची किंवा कारळ्याची कोरडी चटणी याच हिशेबात धरावी. मधाचेही तसेच. 'हेल्दी' म्हणून ड्रेसिंगमध्ये ओतलेल्या एका टेबलस्पून मधात साठ कॅलरी असतात.

बाटलीतले ड्रेसिंग घ्यायचेच असेल, कारण नोकरी, प्रवास आणि वसतिगृह या गोष्टी खऱ्या आहेत, तर लेबलवरची पानांची सुंदर चित्रे पाहण्याऐवजी बाटली फिरवून मागचा मजकूर वाचावा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, म्हणजे जे पहिले लिहिले तेच सर्वांत जास्त. पहिल्या तिघांत तेल आणि साखर दोन्ही असतील तर ठेवून द्यावी. 'लो फॅट' या शब्दाला आपल्याकडे नियम आहे: घन पदार्थात शंभर ग्रॅममागे तीन ग्रॅमपेक्षा जास्त स्निग्धांश चालत नाही आणि द्रवात शंभर मिलिलिटरमागे दीड ग्रॅम. 'लाइट'चे गणित तुलनेचे असते. ते बहुधा त्याच कंपनीच्या नेहमीच्या बाटलीपेक्षा हलके असते, आणि नेहमीची बाटली किती जड होती हे आपल्याला पाहावे लागते. तेल काढले की दाटपणासाठी स्टार्च आणि गोंद, चवीसाठी साखर आणि मीठ वाढवले जाण्याची शक्यता असते, म्हणून सोडियमचा रकाना वाचायला विसरू नये. एका 'सर्व्हिंग'चे आकडे पाहून खूश होण्यापूर्वी ती सर्व्हिंग किती ग्रॅमची धरली आहे हेही पाहावे. पंधरा ग्रॅम म्हणजे एक टेबलस्पून, आणि एका टेबलस्पूनवर थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हॉटेलात तर सरळ 'ड्रेसिंग वेगळे द्या' असे सांगावे, त्यात संकोच कसला? सीझर सॅलड हलके समजून मागवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात १९२४ मध्ये ते जन्मले असे सांगतात, ते एका रेस्तराँमध्ये, भुकेल्या गिऱ्हाइकांसाठी. अंडे, तेल, चीज आणि तळलेले पावाचे तुकडे असलेल्या त्या पदार्थाने पथ्याचे वचन कधीच कुणाला दिलेले नाही.

शेवटचा मुद्दा पाण्याचा. पाने धुऊन तशीच ओली बाउलमध्ये टाकली तर ड्रेसिंग त्यांवरून घसरून तळाशी साचते, चव लागत नाही, आणि मग आपण आणखी ओततो. पाने पंचावर पसरून नीट कोरडी करावीत. काकडी चोचवली असेल तर तिला मीठ लावून दहा मिनिटांनी हलक्या हाताने पिळावी आणि ते पाणी लिंबू घालून पिऊन टाकावे. डब्यात सॅलड न्यायचे असेल तर मीठ आणि दही यांना भाजीपासून दूर ठेवावे, कारण मिठाने सुटलेल्या पाण्यात दुपारपर्यंत सगळे पोहू लागते. ड्रेसिंगची झाकणाची छोटी डबी वेगळी न्यावी. दह्याचे ड्रेसिंग फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगले राहते, फक्त त्यात कच्चा कांदा आधी घालून ठेवू नये, उग्र वास येतो. तेलात कच्चा लसूण घालून बरणी ओट्यावर ठेवण्याची टूम निघाली आहे, ती मात्र टाळावी. हवाबंद तेलात लसणावर बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढू शकतात. लसूण हवा असेल तर ऐन वेळी ठेचून घालावा.