3200 फुटापर्यंत "कसंही बांधा" म्हणणारा मेसेज पुरा वाचा अन् मंगच जोता खोदा

व्हॉट्सॲपवर पुन्हा तोच मेसेज फिरून राहिला. आमच्या यवतमाळकडच्या गावागावातल्या ग्रुपवर आहे, की सरकारनं खेड्यातली बांधकाम परवानगीच काढून टाकली, 3200 स्क्वेअर फुटापर्यंत कसंही बांधा, नमुना 8 नावावर असला की जागा आपली, शेजाऱ्याले बोलाचा हक्कच नाही, अन् 12 वर्षं वापरली की बाजूची गल्लीबी आपलीच. याच्या भरवशावर लोकं घर वाढवून राहिले अन् सख्खे भाऊ एकमेकाच्या विरोधात ठाण्यात जाऊन राहिले, म्हणून लिहितो.

3200 वाली गोष्ट अर्धी खरी आहे, अन् अर्धीच पुढं ढकलल्या जाते. 2021 च्या फेब्रुवारीत ग्रामविकास खात्यानं सांगितलं ते एवढंच, की तेवढ्या प्लॉटवर बांधाले नगररचनाकाराकडं चकरा माराची गरज नाही. प्लॉट 1600 फुटापर्यंत असंल तं मालकीचा कागद, मोजणी नकाशा, घराचा प्लॅन अन् हे सारं नियमात बसते असं लायसनवाल्या इंजिनिअरचं सर्टिफिकेट ग्रामपंचायतीत द्याचं, विकास शुल्क अन् कामगार उपकर भराचा, मंग काम सुरू. 1600 ते 3200 असंल तं ग्रामपंचायतीकडून काम सुरू कराचं प्रमाणपत्र घ्यावंच लागते. म्हणजे चकरा वाचल्या, नियम नाही वाचले. कुठं किती जागा सोडाची हे 2020 च्या डिसेंबरात लागू झालेल्या एकत्रित नियमावलीत आहे अन् ती आजबी लागू आहे.

नमुना 8 बद्दल तं लय गैरसमज आहे. तो ग्रामपंचायतीचा टॅक्स आकारणीचा उतारा आहे बाप्पा, मालकीचा पुरावा नाही, कोर्टात तेवढ्यावर कोणी मालक ठरत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन सनद नाही तं मिळकत पत्रिका निघाली असंल तं ती काढा. हद्दीचा वाद असंल तं तालुक्याच्या भूमी अभिलेखमधून हद्द कायमची मोजणी आणा, त्यात शेजाऱ्यालेबी नोटीस जाते, दोघायच्या समोर खुणा पडतात.

आता "शेजाऱ्याले हक्क नाही" हे. परवानगी म्हणजे ग्रामपंचायतीचं अन् तुमचं, शेजाऱ्याचा हक्क त्यानं मरत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी स्लॅबचा पाईप सरळ सांदीत सोडला, बाजूचं घर जुनं, पांढऱ्या मातीच्या भिंतीचं, वर कवेलू. एका पावसाळ्यात ती भिंत खालून गुडघाभर विरघळली, आतला बांबू उघडा पडला, अन् म्हातारी त्याच भिंतीले खाट लावून झोपे. स्वतःच्या छताचं पाणी दुसऱ्याच्या जागेत सोडाचा हक्क आपोआप कोणालेच नसते, अन् अशासाठी शेजारी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणू शकते, ग्रामपंचायतीचा कागद असला तरी. खिडकीचंबी तसंच, 20 वर्षं बिनाअडथळा उजेड-हवा घेतली असंल तं 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात त्याले संरक्षण आहे, तिच्यासमोर भिंत घालून उजेड कोंडाल तं तो कोर्टात उभा राहते.

12 वर्षांचं म्हणाल तं ते खाजगी जागेचं आहे, अन् तिथंबी मालकाच्या विरोधात, उघड, सलग ताबा लागते, त्याच्या परवानगीनं वापरली तं 50 वर्षांनीबी तुमची होत नाही. गावच्या रस्त्यासाठी मुदत 30 वर्षांची आहे. अन् ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 53 खाली पंचायत रस्त्यावरचा ओटा, जिना, पोर्च काढू शकते. मेंबर लोकायनं तं जास्तच सांभाळावं, सरकारी जागेवर अतिक्रमण निघालं तं कलम 14 खाली पदच जाते. मले राग याचाच येते, दोन फूट जिना बाहेर काढाचा अन् कापूस भरलेली बंडी त्या गल्लीतून निघत नाही, उद्या ॲम्ब्युलन्स तरी कशी जाईन?

ज्याच्या बाजूले काम चालू आहे त्यानं जोता पडतानाच बोलावं. लेखी अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पयलेचा ग्रामसेवक) द्या, पोच घ्या, तारखेसकट फोटो ठेवा, तंटामुक्त समितीत बसून मिटत असंल तं पयले तिथं बसा. स्लॅब पडल्यावर कोर्टात गेलं की पयला सवाल हाच येते, इतके दिवस चूप काऊन होते.