अहो, करपलेला नाहीये तो पिझ्झा!

दर वेळी तेच. मस्त जुन्या धाटणीचं निवांत पिझ्झेरिया, चौकड्यांचे टेबलक्लॉथ, कोपऱ्यात रेकॉर्ड वाजतेय, कुणालाच कसली घाई नाही, आणि शेजारच्या टेबलावर पिझ्झा आला रे आला की सुरू, "हा करपलाय, बदलून द्या." अहो, हा नापोलीचा, म्हणजे इटलीतल्या नेपल्सचा पिझ्झा, लाकडाच्या भट्टीत 430 अंशांच्या वर जेमतेम 60 ते 90 सेकंद भाजतात तो, कडेला काळे ठिपके येणारच ना, यायलाच हवेत!

मग पुढची तक्रार, मधे ओलसर आहे, तुकडा उचलला की लोंबतो. हो लोंबतो, नापोलीचा पिझ्झा मऊच असतो, घडी घालून खा नाहीतर काटा-सुरी घ्या, तिकडेही तसंच खातात. चीज कमी म्हणे. मार्गेरिटावर टोमॅटो, मोझरेला, बेसिल, ऑलिव्ह ऑइल, बास. आणि मरिनारावर तर चीज नसतंच मुळी, मेनूत स्वच्छ लिहिलेलं असतं पण वाचतो कोण.

2017 साली युनेस्कोने नापोलीच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला वारसा यादीत घेतली आणि इथे हे महाशय एक घासही न खाता त्यावर केचपची बाटली उपडी करतायत (केचप नाही म्हटलं तर वर मॅनेजरला बोलवा!). कुरकुरीत, चीजने लडबडलेलाच हवा असेल तर जा की दुसरीकडे, कोण नको म्हणतंय, पण त्या वेटरचं डोकं खाऊ नका, आमचा पिझ्झा पण त्याच्याकडेच अडकलाय.