‘पेन ड्राइव्ह सरळ उपटा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. सोसायटीच्या, मामेभावाच्या लग्नाच्या, शाळेच्या बॅचच्या आणि, कहर म्हणजे, आम्हा कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांच्याही. मजकूर साधारण असा (‘सेफली रिमूव्ह’ म्हणजे ड्राइव्ह काढण्याआधी कॉम्प्युटरला तसं सांगून तो मोकळा करून घेणं): ‘सेफली रिमूव्ह ही जुनी अंधश्रद्धा आहे. मायक्रोसॉफ्टनेच २०१८ साली सांगितलंय की गरज नाही. कॉपीची पट्टी पूर्ण झाली, लाइट लुकलुकायचा थांबला की सरळ उपटा. यूएसबी चालू मशीनला लावण्या-काढण्यासाठीच बनवलंय, काही जळत नाही, कोणतीही केबल कधीही काढा. फारच भीती वाटली तर लॅपटॉपचं झाकण मिटून काढा. आणि गेलाच डेटा तर रिकव्हरी सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दहा जणांना पाठवा.’

नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळच्या एका गल्लीत माझं दुरुस्तीचं टेबल आहे. मार्चअखेरीला हिशोबवाले येतात, लग्नसराईत फोटोग्राफर, द्राक्षाच्या सीझनला पिंपळगाव बसवंतकडची निर्यातीच्या ऑफिसातली पोरं. त्यामुळे हा मेसेज माझ्या धंद्याला चांगलाच आहे. तरी उत्तर देतोय, कारण त्यातली निम्मी वाक्यं खरी आहेत आणि म्हणूनच तो लोकांना पटतोय. घोळ एवढाच की लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत: वस्तू जळणं आणि लिहिलेलं हरवणं. पहिल्याची भीती कमी झाली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही.

मायक्रोसॉफ्टचं आधी घेऊ, कारण मेसेजचा सगळा भार त्याच खांबावर आहे. बातमी खरी आहे. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या ऑक्टोबरच्या अपडेटपासून, बाहेरून लावलेल्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ ही पद्धत आपोआप लागू असते. त्याआधी ‘बेटर परफॉर्मन्स’ होती. फरक असा. बेटर परफॉर्मन्समध्ये विंडोज तुम्ही पाठवलेला डेटा आधी स्वतःच्या मेमरीत ठेवतं, तुम्हाला ‘झालं’ म्हणून सांगतं आणि ड्राइव्हवर सवडीने लिहितं. वाण्याने वहीत उधारी मांडण्याआधी कागदाच्या चिठोऱ्यावर टिपून ठेवावी तसं. क्विक रिमूव्हलमध्ये चिठोरं नाही, थेट वहीत नोंद. वेग थोडा कमी, पण ड्राइव्ह शांत असताना काढला तर सहसा काही बिघडत नाही. कंपनीने स्वतःच तसं लिहिलं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

मेसेजवाल्याने पुढचं मात्र वाचलेलं दिसत नाही. एक तर ही पद्धत प्रत्येक ड्राइव्हला वेगळी लावता येते, आणि एकदा बदलली की त्याच पोर्टला तो ड्राइव्ह परत लावल्यावर तीच लागू होते. कुणी ‘स्पीड वाढवून देतो’ म्हणून बेटर परफॉर्मन्स करून दिलं असेल, तर तुम्ही अजूनही चिठोऱ्याच्या जमान्यात आहात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉलिसीज’ नावाचा टॅब असतो, तिथे दिसतं. दुसरं, हे सगळं विंडोजचं झालं. मॅकला आणि लिनक्सला ही सवलत नाही. तिसरं, ‘शांत असताना’ हे दोन शब्द. ड्राइव्ह शांत आहे हे तुम्हाला कोण सांगणार? अँटिव्हायरस तिथे फिरत असतो. आणि निम्म्या ऑफिसांत तर पेन ड्राइव्हवरचीच एक्सेल फाइल उघडून दिवसभर काम चालतं.

त्या एक्सेलचं जरा जवळून बघा. पेन ड्राइव्हवरून फाइल उघडली की शेजारी ‘~$’ ने सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल तयार होते. तुम्ही एक्सेल बंद केलं की ती पुसली जाते. फाइल उघडी असताना ड्राइव्ह उपटला की ती तशीच राहते. पॅकिंग लिस्टचा पेन ड्राइव्ह घेऊन एक मुलगा आला होता, तर त्या एका फोल्डरमध्ये अशा अकरा फाइली. अकरा वेळा त्याने उघड्या फाइलवरून ड्राइव्ह खेचला होता. दहा वेळा वाचला. अकराव्या वेळी सेव्ह चालू असताना खेचला, आणि कंटेनर निघायच्या दिवशी सकाळी फाइल उघडेना. ‘पण दादा, मी तर नेहमीच असाच काढतो!’ हेच ते.

आता कॉपीच्या पट्टीकडे येऊ. ‘पट्टी पूर्ण म्हणजे काम पूर्ण’ हे मला कुणी म्हटलं की मी टेबलावरचा लिनक्सचा लॅपटॉप पुढे करतो. त्याला एक जुना पेन ड्राइव्ह लावतो, ज्याचा लिहिण्याचा वेग सेकंदाला जेमतेम ८ एमबी आहे, आणि २ जीबीचा एक व्हिडिओ कॉपी करतो. पट्टी काही सेकंदांत टोकाला जाते. समोरचा खूश. मग मी एजेक्ट, म्हणजे तेच सेफली रिमूव्ह, दाबतो, आणि पडद्यावर येतं की अजून लिहिणं चालू आहे, काढू नका. आता हिशोब करा: २००० भागिले ८, म्हणजे २५० सेकंद. चार मिनिटांच्या वर. पट्टीने जे दाखवलं ते मेमरीत पोचलेलं, ड्राइव्हवर पोचलेलं नव्हे. तेवढ्यात चहा सांगून होतो.

लाइटचं दोन वाक्यांत उरकतो. कित्येक पेन ड्राइव्हना लाइटच नसतो, कित्येकांचा काम नसतानाही तेवतच राहतो. आणि लाइट शांत झाल्यावरही आतल्या चिपची स्वतःची आवराआवर चालू असू शकते.

ही आवराआवर मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण ‘मी नवीन काही लिहीतच नव्हतो, मग जुन्या फाइली कशा गेल्या?’ या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. पेन ड्राइव्हच्या फ्लॅश मेमरीत एखादी ओळ खोडून तिथेच नवी लिहिता येत नाही. पुसायचं तर मोठा ठोकळाच पुसावा लागतो. म्हणून आतला कंट्रोलर त्या ठोकळ्यातला बाकीचा माल दुसरीकडे हलवतो आणि कुठला माल कुठे ठेवला याचा तक्ता बदलतो. नेमकी त्या क्षणी वीज गेली, तर तुम्ही हातही न लावलेल्या फाइलींचा पत्ता हरवू शकतो. ड्राइव्ह मग शून्य बाइट्स दाखवतो किंवा ‘डिस्क घाला’ म्हणतो, जणू आत काहीच नाही. रोज असं होत नाही. पण माझ्या टेबलावर येणारे तेच ‘क्वचित’ असतात.

फॅट३२ आणि एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धतींमध्ये, तर अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद ठेवणारी रोजनिशीही नसते. एनटीएफएसमध्ये असते, पण तीही मुख्यतः फोल्डरची रचना सांभाळते, फाइलीच्या आतला मजकूर नाही.

फिरणारी हार्ड डिस्क हे वेगळंच प्रकरण आहे आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखच नाही. पासपोर्टच्या आकाराच्या त्या डबीत सहसा मिनिटाला ५४०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ९०, घेणारी तबकडी असते आणि तिच्यावर काही नॅनोमीटर अंतर राखून लिहिणारं-वाचणारं हेड तरंगत असतं. एजेक्ट केल्यावर हेड सावकाश बाजूला जाऊन विसावतं. केबल उपटली तर तबकडी स्वतःच्या फिरण्याच्या जोरावर थोडी वीज तयार करते आणि त्या विजेवर हेडला घाईघाईने बाजूला ओढलं जातं. योजना उत्तम आहे, पण ती अडीअडचणीसाठी. बहुतेक डिस्क असे झटके मोजून ठेवतात. स्मार्ट नावाच्या नोंदवहीत १९२ क्रमांकाच्या रकान्यात ते दिसतात, आणि डिस्क माझ्याकडे आली की मी आधी तोच रकाना बघतो. मालक ‘मी कायम एजेक्ट करतो’ म्हणत असला तरी. एजेक्ट केल्यावरही दहाएक सेकंद डिस्क टेबलावरच राहू द्या, तबकडी थांबू द्या, मग पिशवीत टाका.

याच डिस्कचं आणखी एक. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर द्यायला बांधील असतो, ३.० चा ९००. तबकडी सुरू होताना डिस्क क्षणभर जास्त ओढते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला किंवा बिनअडॅप्टरच्या स्वस्त हबला लावली की ती टिक-टिक करत मध्येच डिस्कनेक्ट होते. म्हणजे तुम्ही हातही न लावता ती स्वतःच उपटली जाते. मागच्या पोर्टला लावा.

मग ‘यूएसबी चालू मशीनला लावण्या-काढण्यासाठीच बनवलंय’ याचं काय? यूएसबीपुरतं शंभर टक्के बरोबर. १९९६ साली हे प्रमाण आलं तेव्हापासून त्याची रचनाच तशी आहे. चौकोनी यूएसबीच्या तोंडात डोकावून बघा: चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन लांब आहेत, मधल्या दोन आखूड. कडेच्या विजेच्या, मधल्या डेटाच्या. लावताना वीज आधी जोडली जाते, काढताना शेवटी सुटते. त्यामुळे माऊस, कीबोर्ड, वेबकॅम, प्रिंटर, खुशाल काढा. (आमच्याकडचे एक काका माऊस काढायलाही सेफली रिमूव्ह शोधत बसतात. काका, नको.) फोन केबलने लावून फोटो घेताय, तर कॉपी संपल्यावर तोही काढा. आजचे अँड्रॉइड फोन पेन ड्राइव्हसारखे जोडले जात नाहीत, आपली मेमरी आपल्याच ताब्यात ठेवतात.

पण ‘कोणतीही केबल’? गोल, सहा पिनांचे, जांभळे आणि हिरवे पीएस/२ पोर्ट अजून कित्येक जुन्या मशीनवर जिवंत आहेत. ते चालू मशीनवर काढायला-घालायला बनवलेलेच नाहीत. नशीब बरं असेल तर रीस्टार्टपर्यंत कीबोर्ड चालत नाही, वाईट असेल तर मदरबोर्डवरचा फ्यूज जातो.

त्याहून मोठा घोळ अर्थिंगचा, आणि तो आपल्याकडे घरोघरी आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळायला दोन कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेला. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. विद्युतप्रवाह नगण्य असतो, माणसाला फक्त मुंग्या येतात. तीन पिनी प्लगची जाडी पिन मोडून दोन पिनी सॉकेटात बसवलेली असते तिथे त्या हमखास येतात. आता अशा कॅबिनेटला तुम्ही दुसऱ्या वायरिंगवरच्या प्रोजेक्टरची किंवा डिशची वायर लावलेल्या टीव्हीची केबल जोडता. तो फरक जिथून वाट मिळेल तिथून जातो, आणि ती वाट कधीकधी एचडीएमआयच्या चिपमधून असते. कार्यालयाच्या हॉलमध्ये ऐन कार्यक्रमाआधी ‘आत्ता तर चालत होतं’ होतं ते पुष्कळदा यातूनच. तिथे मी दोन्हीकडचे प्लग काढून आधी केबल जोडतो, मग वीज देतो. लोक हसतात, हसू देत.

झाकण मिटण्याचा सल्ला मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो काळजीचा आव आणतो. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो, ड्राइव्हशी नातं तोडत नाही. उठल्यावर त्याला ड्राइव्ह जसा सोडला तसाच हवा असतो. मधल्या वेळात तुम्ही तो दुसऱ्या मशीनला लावून त्यात भर घातली असेल, तर दोघांच्या समजुती जुळत नाहीत. शट डाउनचीही गंमत आहे: विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन म्हणजे अर्धी झोपच असते. खरंच बंद करायचं तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. एजेक्ट होतच नसेल, ‘डिव्हाइस वापरात आहे’ येत असेल, तर हा शेवटचा उपाय. त्याआधी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत सिस्टमच्या नोंदींत २२५ क्रमांकाची नोंद शोधा. कुठला प्रोग्रॅम ड्राइव्ह धरून बसलाय त्याचं नाव तिथे असतं.

पंचवटीतला एक फोटोग्राफर असंच झाकण मिटून त्याच हाताने केबल ओढून निघाला होता. डिस्क एक्सफॅट, वर कुणीतरी बेटर परफॉर्मन्स लावून दिलेलं. घरी लावली तर ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’. त्याने नशिबाने फॉरमॅट मारला नाही, चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्रॅमही चालवला नाही, तशीच आणली. आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली आणि त्या प्रतीवर काम केलं. हळदीचे सगळे फोटो आले. शेवटच्या फोल्डरमधली सप्तपदी आली नाही, कारण ती डिस्कवर पोचलेलीच नव्हती. कॅमेऱ्याची कार्डं दुसऱ्या दिवशीच्या लग्नात पुन्हा वापरून झाली होती. फुकटचं असो की विकतचं, रिकव्हरी सॉफ्टवेअर पुसलेलं शोधतं. जे लिहिलंच गेलं नाही ते ते कुठून आणणार?

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात टाकलं, तर मामांचा प्रश्न आला: ‘एवढं लिहिलंस, पण ते एजेक्ट असतं कुठे?’ मामा, खाली उजवीकडे, घड्याळाच्या डावीकडे वर तोंड केलेला छोटा बाण आहे. त्यावर क्लिक करा, प्लगचं चित्र दिसेल. ते नाही दिसलं तर ‘धिस पीसी’ उघडून ड्राइव्हवर राइट क्लिक करा, एजेक्ट तिथेच आहे.