६१७४ : शून्य गाळू नका

चार अंकी संख्येचे अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करायची, उत्तरावर पुन्हा तेच करत राहायचं, की शेवटी ६१७४ येते : हा गणिती द. रा. कापरेकरांचा शोध. त्यावरच्या एका लेखात ‘चारही अंक वेगळे हवेत’ असं म्हटलंय, ते बरोबर नाही. किमान दोन वेगळे अंक असले की पुरे. फक्त ११११, २२२२ असल्या संख्या वगळायच्या.

२१११ घ्या. अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी : २१११ − १११२ = ०९९९. इथेच बहुतेकांची गाडी अडते. पुढचं शून्य सोडलं तर ९९९ − ९९९ = ०, खेळ खलास. ते धरलं तर ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. २००५ ला पुऱ्या सात लागतात, करून बघा.

यात जादू नाही. उतरते अंक अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी येते ९९९(अ−ड) + ९०(ब−क). म्हणजे उत्तर या दोन फरकांवरच ठरतं, आणि अशा जोड्या फक्त ५४ आहेत. तेवढ्या हाताने तपासल्या की सिद्धता झाली. ६१७४ चे अंक उतरते मांडले की ७६४१, त्यात फरक ६ आणि २ : ५९९४ + १८० = ६१७४, म्हणून ती स्वतःवरच परतते.

तीन अंकांना ४९५ मिळते. पाच अंकांना मात्र असा एकच मुक्काम नाही. तिथे संख्या चक्रात फिरतात, उदा. ५३९५५ ↔ ५९९९४.

आणखी एक : ६१७४ = १८ + १८² + १८³, आणि तिच्या अंकांची बेरीजही १८. बेरजेने नि:शेष भाग जातो (३४३), म्हणजे देवळालीच्या कापरेकर मास्तरांनीच नाव दिलेली ‘हर्षद’ संख्याही हीच.