ओढण्याची ताकद आणि पाठीवरचं ओझं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गूसनेक हॉर्स ट्रेलरसाठी (पिकअपच्या हौद्यातल्या बॉलला जोडायचा घोड्यांचा ट्रेलर) पिकअप कशी निवडावी, या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमच्या अर्ध्या टनाच्या पिकअपची (अर्धा, पाऊण, एक टन ही पिकअपच्या चढत्या वर्गांची नावं, खरी वजनं नव्हेत) ओढण्याची क्षमता 13,000 पौंड आहे. तीन घोड्यांचा तुमचा ट्रेलर भरूनसुद्धा 10,000च्या आत राहतो. दोन वर्षं डेन्व्हरच्या आसपास तो विनातक्रार फिरवलात. गाडी मागून बसत होती, म्हणून मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, बसवून घेतल्या. आणि मी मात्र इथे नव्याने घोडे पाळू लागलेल्या मराठी घरांना उगाच ड्युअलीच्या, म्हणजे मागे चार चाकं असलेल्या पिकअपच्या, खर्चात पाडते आहे.

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. 'घ्यायची तर ड्युअलीच घ्या' असं मी सरसकट लिहायला नको होतं. मागे चार चाकांची गाडी खरी लागते ती ट्रेलरमध्ये राहायची खोली असेल आणि वजन 14,000-15,000 पौंडांच्या पुढे जात असेल तेव्हा. तुमच्यासारख्या साध्या तीन घोड्यांच्या ट्रेलरला मागे दोनच चाकं असलेली एक टनाची गाडी भरपूर झाली. दोन घोड्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा हलका ट्रेलर तर पाऊण टनाची पेट्रोल गाडीही आरामात नेते. मूळ लेखातलं ते वाक्य मी आजच बदललं आहे.

अर्ध्या टनाबद्दल मात्र मी शब्द मागे घेणार नाही.

बैलगाडी भरताना पाहिली असेल तर हे पटकन समजेल. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त आलं की धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो. गूसनेक ट्रेलर मुद्दाम धुरजड केलेला असतो. म्हणून तर तो बंपरला जोडलेल्या ट्रेलरसारखा शेपूट हलवत नाही. बंपरच्या ट्रेलरचा साधारण 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतात त्या जोडणीवर, येतो, गूसनेकचा 20 ते 25 टक्के. आणि हा भार पडतो पिकअपच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या जरासा पुढे असलेल्या बॉलवर. म्हणजे गाडी ट्रेलर ओढते, शिवाय त्याचा पाव हिस्सा पाठीवर वाहतेसुद्धा. 13,000चा आकडा ओढण्याचा आहे. वाहण्याचा आकडा वेगळा, आणि तो जाहिरातीत ठळक छापलेला नसतो.

तो कुठे असतो ते सांगते. चालकाचं दार उघडा. खांबावर टायरच्या हवेची माहिती देणारा स्टिकर दिसेल. त्याच्यावर एक ओळ आहे: माणसं आणि सामान मिळून वजन अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. तुमच्या गाडीचा तो आकडा तुम्हीच दिला आहे, 1,560. आता तुमचाच हिशेब मांडू. रिकामा ट्रेलर 5,800. तीन घोडे, प्रत्येकी 1,100 धरून 3,300. खोगिरं, गवत आणि 30 गॅलन पाणी (एकट्या पाण्याचंच 250 पौंड होतं) मिळून 600. एकूण 9,700. त्याचे कमीत कमी 20 टक्के म्हणजे 1,940. ट्रेलर जोडला की त्या क्षणीच मर्यादा ओलांडली, अजून गाडीत कुणी बसलेलंही नाही! तुम्ही चौघं साधारण 520, हौद्यातली हिच 120. बेरीज 2,580. हजार पौंड जास्त.

एअरबॅगने यातलं काहीच कमी होत नाही. गाडी सरळ दिसते, एवढंच. अ‍ॅक्सल तोच, चाकाचे बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेकही तेच. उलट गाडी बसत होती तो तिचा इशारा होता, तो आता दिसेनासा झाला. याची मला खरोखर काळजी वाटते.

'दोन वर्षांत काही झालं नाही' हे आम्हीही म्हणायचो. आमच्याकडेही अर्ध्या टनाचीच गाडी होती, विकणाऱ्याने 'आरामात ओढेल' म्हणून दिलेली. तिने ओढलंही. मग एका जुलैत कोलोराडोतल्या आय-70 महामार्गावरून आयझेनहॉवर बोगद्याच्या पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरत होतो. बोगदा 11,000 फुटांवर आहे, पुढचा उतार 7 टक्क्यांपर्यंत. वाटेत ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी वाळूचे चढ करून ठेवलेत, यावरूनच कल्पना यावी. अर्ध्यात ब्रेकचा पेडल मऊ लागायला लागला आणि आत जळका वास आला. गावाशी पोचून थांबलो, ट्रेलरचं दार उघडलं. आमची घोडी मागचे पाय फाकवून उभी होती, आयाळीखालची मान घामाने चिंब, मांड्या थरथरत होत्या. खाली उतरायला तिने वीस मिनिटं लावली. घोड्याला हाताने धरता येत नाही, प्रत्येक ब्रेकला तो चार पायांवरच तोल सांभाळतो. तो वास आणि तिच्या त्या मांड्या मी विसरलेले नाही. लेखात मी जरा कडक लिहिलं असेन तर त्याचं मूळ तिथे आहे.

एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली होती. 'मग पाऊण टनाची डिझेल घेतो' असं बरेच जण ठरवतात. डिझेल इंजिन स्वतःच जड. त्यातून पाऊण टनाच्या बऱ्याच गाड्यांचं एकूण वजन कागदोपत्री 10,000 पौंडांवर रोखलेलं असतं. त्यामुळे चार दारांच्या, फोर-बाय-फोर डिझेल गाडीचं पेलोड, म्हणजे वाहण्याचा आकडा, 2,000च्या आसपास उतरतं, त्याच गाडीच्या पेट्रोल इंजिनापेक्षाही कमी! एक टनाच्या गाडीला बहुधा इंजिन तेच असतं, स्प्रिंगा आणि वजनाची परवानगी जास्त. किमतीतला फरक त्या मानाने थोडा. डोंगरात राहणाऱ्यांनी डिझेल जरूर घ्यावं. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांमागे साधारण 3 टक्के ताकद गमावतं, आणि डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच गाडीचा वेग आवरतं) उतारावर पायाखालचा ब्रेक थंड ठेवतो. पण मग एक टनाचीच घ्या. हौदा शक्यतो आठ फुटांचा बघा. साडेपाच फुटांच्या हौद्यात वळताना ट्रेलरचं नाक केबिनच्या काचेला भिडू शकतं.

माझ्या आकडेमोडीवर विश्वास ठेवू नका, वजन करून पाहा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल, म्हणजे ट्रकचा वजनकाटा, असतो. घोडे, पाणी, माणसं, सगळं भरून एकदा वजन करा, मग ट्रेलर सोडून फक्त गाडीचं. पावतीवर पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर असे वेगवेगळे आकडे येतात. दोन्ही वेळच्या गाडीच्या वजनातला फरक म्हणजे तुमच्या बॉलवरचा खरा भार. मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा दारावर लिहिलेल्या त्याच्या स्वतःच्या मर्यादेशी ताडून बघा, 1,560शी नव्हे. दोन्ही पावत्यांचे आकडे इथे लिहिलेत तर मी ते लेखात जोडेन, माझा हिशेब चुकला असेल तरीही. तोपर्यंत एवढं ऐका, वजनाची ती फेरी सोडून या गाडीने घोडे नेऊ नका. तुमच्याच आकड्यांनी एकच घोडा नेला तरी मर्यादा ओलांडते.